खालच्या खोलीतलं चाक

४ फेब्रुवारी
चामराजपेटेत अखेर जागा मिळाली! इलेक्ट्रॉनिक सिटीतली नोकरी सोडून पितळी पाट्या कोरणार म्हटल्यावर निपाणीला आईने कपाळाला हात लावला होता. आता येऊन बघ म्हणावं. वर राहायची खोली, खाली मशीनची. घरमालकीण मालनबाई एकट्याच असतात. घराणं कैक पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीत कानडी मिसळून बोलतात, मला अक्का म्हणतात. त्यांचे यजमान उमाजीराव याच खालच्या खोलीत लेथ चालवायचे. जाऊन बरीच वर्षं झाली. मालनबाईंच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. विचारायचा धीर झाला नाही.

७ फेब्रुवारी
माझं छोटं मिलिंग मशीन बसवलं. चौकोन कोरला की तिरपा येतो. पाटी बसवायचं मशीनचं टेबल सरकवणारी मोटर पावलं टाकत फिरते, आणि मध्येच एखादं पाऊल गाळते. मोटरला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हर-बोर्डावरचा बारीक स्क्रू फिरवून करंट वाढवला, तर मोटर हात लावू नये इतकी तापली. कमी केला, तर जागच्या जागी गुरगुरली. शेवटी वेग हळूहळू चढू दिला, तेव्हा कुठे सुरळीत चालली. चौकोन नेमका काटकोनात! मालनबाईंना बघायला हाक मारली. त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

१० फेब्रुवारी
पुन्हा चुकतंय. दर वेळी टेबल भिंतीकडे सरकतानाच. प्लग काढून मोटरच्या मागचं चाक हाताने फिरवून पाहिलं. करंट नसताना ते सैल फिरायला हवं. पलीकडून कुणी धरून ठेवल्यासारखं घट्ट होतं. सोडलं, तर आपणच फिरलं. थोडं पुढे, किंचित मागे, पुन्हा पुढे.
मालनबाई दारातून बघत होत्या. "हे असंच फिरवायचे," म्हणाल्या आणि चहा करायला गेल्या. कप त्यांनी मला दिला नाही. मान खाली घालून आत आल्या, मशीनशेजारी ठेवला.

१२ फेब्रुवारी
त्यांची लेक भाग्यलक्ष्मी देवनहळ्ळीहून आली होती. चाकाचं ऐकून पांढरीफटक पडली. जिन्यात हळूच म्हणाली, आईच्या हाताला अपघात झालेला नाही. चहाला उशीर झाला म्हणून अप्पांनी तिचा हात चालू लेथवर दाबून धरला होता.
मशीन हलव म्हणाली. आईलाही चल म्हणत होती. मालनबाई जागच्या हलल्या नाहीत. ते रागावतील म्हणे.

१३ फेब्रुवारी
मोटर उतरवून कपाटात ठेवली. तरीही टेबल सरकलं.
उद्या टेम्पो येतोय.

१४ फेब्रुवारी, सकाळ
मशीन मोकळं करायला खाली आले, तर बाहेरून कडी लागली. दार बडवलं. मालनबाई पलीकडेच उभ्या आहेत. आवाज शांत —
"त्यांनी माझं पुष्कळ घेतलं, अक्का. आता स्वल्प तू दे."
फोन वर राहिला. ओरडले. रस्त्यावरच्या रिक्षांच्या आवाजात कुणाला —
टेबल सरकतंय. थोडं पुढे. किंचित मागे.
कटर फिरायला लागलं. प्लग तर माझ्या हातात —
भिंतीला टेकून लिहितेय. कुणीतरी मनगट धरलंय. दिसत नाही. बोटं खरखरीत, तेलकट — डावा हात टेबलाकडे ओढ