नुजहतचा रविवारचा वर्ग

नुजहत,

तू नमाज पढत होतीस, म्हणून हाक मारली नाही. आयझाला बागेत नेतेय. उपमा झाकून ठेवलाय. तू आणलेली बिस्किटं टाकून दिली, पाकिटावर जपानीत डुकराची चरबी लिहिली होती. इथे जपानात प्रत्येक पाकीट वाचून घेत जा गं.

काल मी म्हणाले, "नोकरीच्या मुलाखती संपेपर्यंत मशिदीतला कुराणाचा वर्ग बंद कर, इबादतीला अख्खं आयुष्य पडलंय." तू वर्गाची बॅग कपाटात ठेवलीस. ते मला फार लागलं.

मलाही घरी असंच सांगितलं होतं. दहावीचा क्लास लागला म्हणून चिपळूणला तीस पाऱ्यांपैकी, म्हणजे भागांपैकी, तिसऱ्यावरच कुराण सुटलं. मग कॉलेज, लग्न, आयझा. एकतिसावं लागलं, आता अरबी अक्षरंसुद्धा अडतात. तुझ्या भावाला हे माहीत नाही.

तेव्हा आज वर्गाला जा. मुलाखतीची तयारी संध्याकाळी मी करून घेईन. ट्रेनमध्ये बसलीस की मेसेज कर, नाहीतर माझा जीव टांगणीला.

आणि शिकवणाऱ्या बाजींना हळूच विचार, लहान मूल घेऊन कुणी आलं तर चालेल का. कोण, ते सांगू नकोस.

भाभी