जांभळे पट्टे

चि. भिंगरीस,
आजोबांचे आशीर्वाद.

तुझा गणवेशातला फोटो आला. तुझी आई येईल त्याला तो दाखवते आहे. मी मात्र भिंग घेऊन तुझ्या छातीवरची पदकाची फीत पाहिली. पोरी, मी जन्मभर लष्कराचे गणवेश शिवले, त्यांवर पदकांच्या फिती टाचल्या, हे विसरलीस होय? विमानवाल्यांच्या फितीवर पूर्वी आडवे पट्टे असत, मग ते तिरके केले. लाल पट्टे म्हणजे विमान धाडसानं चालवलं, पण समोर शत्रू नव्हता. जांभळे म्हणजे शत्रूच्या तोफांसमोर चालवलं. तुझ्या छातीवर जांभळे आहेत. आणि आम्हाला सांगतेस, "मी फक्त औषधं आणि पीठ पोचवते."

काल तुझ्या आईनं विचारलंच, "बाबा, हे पदक कशाबद्दल हो?"

"माल वेळेवर पोचवल्याबद्दल."

"बघा! आणि तुम्ही विमानाचा आवाज आला की देव आठवता."

मी हसलो, पण हातातला चहा मांडीवर सांडला.

हे पत्र टाकता येणार नाही. पाकिटावर पत्ता तुझी आईच घालते, आणि आधी आतलं शुद्धलेखन तपासते. तरी लिहितो, नाहीतर एखाद दिवशी तोंडातून निघून जाईल. रजेवर येशील तेव्हा मी काही विचारणार नाही. पण थापा मारायच्याच तर नीट मार, बाई. पुढचा फोटो काढताना वरून स्वेटर घाल, म्हणजे निदान मलाही ते पीठ खरं वाटेल.

तुझा भित्रा
आजा