विक्याला मिळालेला गमबूट

रविवार, सातारा

आठ वर्षं मी 'उलटी मोट' बँडच्या मागं गावोगाव फिरतोय, आणि गायकाचा गमबूट मिळाला कुणाला? विक्याला! माझ्या मेहुण्याला, ज्यानं जन्मात त्यांचं एक गाणं ऐकलं नव्हतं. काल सांगलीच्या कार्यक्रमाला मीच त्याला रहिमतपूरहून ओढून नेला. दुर्बुद्धी, दुसरं काय.

शेवटच्या गाण्यात मधेच सगळी वाद्यं थांबतात. मिनिटभर शांतता. आम्ही जुने चाहते तेव्हा श्वाससुद्धा जपून घेतो. विक्याला वाटलं, संपलं गाणं. त्यानं कडाकडा टाळ्या वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि गायक चक्क हसला! पायातला पिवळा गमबूट काढून त्याच्या हातात दिला. म्हणाला, "लय वर्षांनी कुणीतरी मनापासनं वाजवलं गड्या!"

येताना विक्या विचारतो, "दाजी, ह्यो एकच हाय. दुसरा कवा देणार त्यो?"

मागितला असता तर विक्यानं दिलाही असता तो. पण मागून घेतलेला गमबूट काय कामाचा?

आत्ता घरात कुणी नाही बघून तेच गाणं लावलं. शांतता आली आणि मीही टाळ्या वाजवल्या. वेळ अगदी अचूक साधली.

तिथंच तर हरलो.