माझ्यावरच्या दाव्यासाठी वकील

ती. सत्यभामा अक्का,

उमरग्याहून धाकट्या लिंबाजीचा वाकून नमस्कार. तिकडं ईट गावी सगळी खुशाल असतील. तुझे गुडघे कसे आहेत? (फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर विचारतोय.)

आईच्या तेराव्याला भावकीत कुणीतरी "आता लेक वाटणी मागणार" असं पुटपुटलं आणि तू माहेरी यायचंच सोडलंस. जमिनीवरचा हक्क सोडते, असा निरोप धाडलास. भाऊबीजेची साडीसुद्धा परत आली. मी हातानं वाटणी दिली तर तू घेणार नाहीस. म्हणून ठरवलं, की तू माझ्यावर दावा लावायचा. कोर्टानं दिलेलं कसं नाकारशील? आणि तू काही वकील शोधणार नाहीस, तेव्हा तुझा वकील शोधायला मीच निघालो.

पहिले बिराप्पा वकील. जमिनीच्या दाव्यात मोठं नाव. माझं सांगून व्हायच्या आतच त्यांनी टेबलावर हात आपटला, "काळजी सोडा. बहिणीला बांधावर पाय ठेवू देत न्हाय!" मी म्हटलं, साहेब, तिनं पाय ठेवावा म्हणूनच आलोय. त्यांनी पाणी मागवलं, माझ्यासाठी.

दुसऱ्या हर्षाली मॅडम, वयानं लहान पण शहाण्या. "मामा, आपल्याविरुद्धचा वकील आपणच आणायचा नसतो," म्हणाल्या. चहा पाजला आणि नकार दिला.

घरी शिवकांता म्हणाली, "नवऱ्यावर दावा लावायचाय व्हय? मग वकील मी बघते. तुमाला कुठं जमतंय?" (तिचा उत्साह पाहून मला जरा धास्तीच वाटली.)

शेवटी समद वकील पक्के केले. माणूस लई मऊ. समोरच्या पक्षाच्या घरच्यांचीही तब्येत विचारतात. सोबत वकीलपत्र धाडलंय. सही कर.

तुझा भाऊ व प्रतिवादी,
लिंबाजी

ता. क. समद वकिलांबद्दल एक सांगायचं राहिलं. त्यांचा कुठलाच दावा लवकर निकाली निघत नाही. उभे राहिले की पुढची तारीख मागतात. म्हणूनच निवडले. दर तारखेला तुला उमरग्याला यावं लागेल. मुक्काम आपल्याच घरी. वादीनं प्रतिवादीकडं जेवलं तर हरकत नसते, मी विचारून घेतलंय.

पुन्हा ता. क. दावा लावायचाच नसेल, तर तसं इथं येऊन माझ्या तोंडावर सांग. ते निरोपानं सांगितलेलं चालत नाही, असं वकील म्हणाले. (म्हणाले नाहीत. पण विचारलं असतं तर म्हणाले असते.)