कोंबड्या राहतात कुठं, हे खरं लिहिलं तेव्हा

तीर्थरूप ताल्केआत्यास,

तुला आणि तुझ्या नव्या गुडघ्याला हाइल्केचा नमस्कार. ब्रेमेनची हवा मानवली ना? जिना एकदम चढू नकोस.

इकडे मी स्वतःच्या हातानं आमचा धंदा बुडवत आणला होता. रस्त्याकडेच्या आमच्या अंड्यांच्या टपरीवर हिरव्या गवतात हिंडणाऱ्या कोंबड्यांचं चित्र होतं, आठवतं? कोंबड्या मात्र दोनशेच्या दोनशे शेडमध्ये (पिंजऱ्यात नाहीत, पण छपराखालीच). प्रत्येक अंड्यावर '२', म्हणजे शेडमधलं, असा आकडा छापलेला असतो. अकरा वर्षांत तो कुणी वाचला नाही. मार्चमध्ये बेरेन्ड्सबाईंनी (शाळेतून निवृत्त झाल्या, तपासणं सुटलं नाही) विचारलं, "हाइल्के, हे गवत आहे कुठं?" मला खोटं सुचेना. मी चित्र उतरवलं, शेडचा फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'आमच्या कोंबड्या बाहेर जात नाहीत.'

आठवडाभरात निम्मी अंडी पडून राहायला लागली. कोंबड्या त्याच, अंडी तीच. आम्ही ऑम्लेट, केक आणि पुन्हा ऑम्लेट खात होतो. ओनो (नवरा म्हणून तू अजून त्याला पास केलेलं नाहीस) एवढंच म्हणाला, "खरं लिहायचंच होतं, तर आधी मला शेडची भिंत तरी फोडू द्यायचीस."

मग त्यानं खरंच भिंत फोडून सफरचंदाच्या बागेत उघडणारं दार केलं. लोक बघायला जमले. कोंबड्या उंबऱ्यापर्यंत आल्या, आभाळाकडे पाहिलं आणि मागे फिरल्या. ओनोचा चेहरा बघवत नव्हता. शेवटी बेरेन्ड्सबाई खुर्ची घेऊन झाडाखाली विणत बसल्या. "पहिल्या दिवशी मुलंही वर्गाच्या दारातच थांबतात," म्हणाल्या, "कुणी हाकलू नका." तिसऱ्या दिवशी एक तपकिरी कोंबडी त्यांच्या पायाशी येऊन माती उकरायला लागली, दुपारपर्यंत सत्तर बाहेर. ओनो शेडमागे जाऊन नाक शिंकरत होता (सर्दी नव्हती). मी पाटीवर लिहिलं, 'आता बाहेर जातात, पण अजून भितात.' त्या दिवशी टपरी रिकामी झाली.

तब्येतीला जप.

तुझी,
हाइल्के

ता. क. अंड्यांवर '१' (बाहेर हिंडणाऱ्या कोंबड्यांचा आकडा) छापायचा तर कोंबडीमागे चार चौरस मीटर मोकळी जमीन लागते. आमची बाग पुरत नाही. शेजारचा तुझा तुकडा नुसताच पडून आहे. देशील का?

ता. क. २. नाही म्हणणार असशील तर लवकर कळव. मधलं कुंपण मंगळवारीच काढलंय, आणि आता कोंबड्या तिकडून परत यायला तयार नाहीत.