सरोजिनीबाईंची अलाबला

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची. पिशोरहून निघताना एक पेटी आणि दोन दुखरे गुडघे एवढंच सामान होतं, ते सांभाळत क्रांती चौकापासून समर्थनगरापर्यंत चालत आले. पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, उजेड भरपूर, आणि मला वेगळी खोली. वीस वर्षं लोकांचे म्हातारे सांभाळतेय, वेगळी खोली पहिल्यांदाच मिळाली. दोन खाटा सहज मावतात, म्हणजे अपेक्षाची सोय झाली. लेकीला आठवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं आणि दवाखाना हाताशी हवा, म्हणून तर हे शहरातलं काम धरलं. बाईंच्या पुतण्यानं, मधुसूदनरावांनी, तिला इथं ठेवायला आधीच हो म्हटलंय. औषधांची यादी समजावून ते पुण्याला गेले.

काम देणाऱ्या ब्यूरोनं पेशंटचं नाव काही सांगितलं नव्हतं. सत्तरीच्या बाई, उजवा हात उचलत नाही, झोप लागत नाही, एवढंच. खोलीत गेले आणि उंबऱ्यातच थांबले. खाटेवर सरोजिनीबाई. सीरियलमधल्या. ज्यांना टीव्हीवर बघून घरोघरच्या बाया शिव्या घालायच्या, त्या. मी कधीच घातल्या नाहीत. मी पहिल्या दिवसापासून त्यांच्या बाजूची.

चेहरा पार सुकलाय. कपाळाला आठ्या अशा की झोपेतही सुटत नसतील. मला भरून आलं. दोन्ही तळवे त्यांच्या चेहऱ्यावरून खाली उतरवले आणि माझ्या कानशिलांवर बोटं मोडली. आमच्याकडं लेकरांची अलाबला घेतात, त्यांची पीडा आपल्या डोक्यावर, तशी घेतली. दहाही बोटं कडाकडा वाजली. बाई माझ्याकडं बघत राहिल्या.

"सगळी घेतलीस?" त्यांनी विचारलं.

मी हसून म्हटलं, सगळी. तेव्हा त्याही हसल्या. पहिल्याच दिवशी पेशंट हसला, आणखी काय पाहिजे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बाई चार दिवसांपासून रात्रभर झोपतात. स्वयंपाकाच्या कडूबाई रोज दारातून डोकावून बघतात आणि नवल करतात. त्या इथं बारा वर्षं आहेत, बाईंना सलग झोपलेलं त्यांनी कधी पाहिलं नाही म्हणे. मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटून घेतली.

दुपारी बाईंसमोर त्यांच्या भूमिकांचं कौतुक करत बसले. तीन मालिका, तिन्ही मी एकही दिवस न चुकवता पाहिलेल्या. पहिलीत त्या मोठ्या जाऊ होत्या. धाकटीला रोज दुधातून गोळ्यांची पूड द्यायच्या, आणि कप ओठाला लावताना तिच्या केसांवरून हात फिरवायच्या. दुसरीत नणंद. भर दुपारी भावजयीला गच्चीवर कोंडून जिन्यात मटार सोलत बसल्या होत्या. तिसरीत आई. लेक बाळंतपणाला आलेली. ती मालिका लोकांनी ओरड केल्यामुळं मध्येच बंद झाली, शेवटचा भाग दाखवलाच नाही. त्या आईनं पुढं काय केलं ते आजतागायत मला कळलेलं नाही. बाईंना विचारलं तर त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

बाकीच्या नट्या वाईट काम करताना भुवया उडवायच्या. बाई नाही. त्या आधी तळहातानं चादरीवरची सुरकुती सारखी करायच्या, आणि मग उठायच्या. तोंडावर राग नसायचा, दमणूक असायची. घरातलं सगळं उरकलंय आणि आता हेही एक काम उरलंय, असं तोंड. दिवसभर दुसऱ्यांची भांडी उचलून आलेल्या मला ते तोंड ओळखीचं वाटायचं. चांगल्या सुनांची रडगाणी ऐकायला माझ्यात जीवच उरलेला नसायचा.

१२ नोव्हेंबर, बुधवार

अंग मोडून आल्यासारखं झालंय. काम फारसं नाही, तरी सकाळी उठताना वाटतं रात्रभर दळण दळलं.

आज एक चूक झाली. चूकच म्हणायची. चारला कडूबाईंना चहा दिला. त्यांनी घोट घेतला, कडू लागतोय म्हणाल्या, तरी माझं मन मोडायला नको म्हणून प्यायल्या. आणि ओट्याशी बसल्या बसल्या झोपल्या त्या सहापर्यंत. नंतर माझ्या कमरेच्या पिशवीत बाईंच्या झोपेच्या गोळ्यांची पट्टी सापडली. दोन घरं रिकामी. बाईंना मी आल्यापासून गोळी दिलेलीच नाही, त्यांना लागतच नाही.

मला काहीच आठवत नाही असं लिहिणार होते. खोटं कशाला लिहू. कडूबाईंच्या केसांवरून हात फिरवल्याचं आठवतंय.

१६ नोव्हेंबर, रविवार

सहा दिवसांनी नळाला पाणी आलं. टाकी भरली का बघायला कडूबाई दुपारी गच्चीवर गेल्या. मी बाईंची चादर सारखी केली. मग जिना चढले आणि गच्चीच्या दाराला जिन्याकडून कडी लावली.

दोन तास पायरीवर बसले होते. त्या दार वाजवत होत्या, करुणाताई, करुणाताई म्हणत होत्या, सगळं ऐकू येत होतं. राग नव्हता. मजाही नव्हती. फक्त दमले होते, आणि ते काम उरकायचं होतं. मांडीवर पदर होता, त्याची घडी मी सारखी करत होते. खालच्या बिऱ्हाडातल्या कुणीतरी येऊन कडी काढली.

मी बाईंच्या मालिकांच्या क्रमानं चाललेय. पहिली झाली. दुसरी झाली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कडूबाई काम सोडून गेल्या. भांडल्या नाहीत. पहिल्या दिवशी मी काय केलं ते मीच त्यांना सांगितलं, तर त्या चपला घालता घालता थांबल्या. शूटिंगच्या काळात विशाखा नावाची बाई बाईंना साडी नेसवायची, ती रोज संध्याकाळी त्यांची दृष्ट काढून मीठमिरच्या चुलीत टाकायची, असं त्यांनी सांगितलं. पण अलाबला तिनंही कधी घेतली नाही.

"मीठमिरच्या जाळात जात्यात, ताई," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर डोक्यावर घेतलं. आता ते कुठं जाईल?"

अपेक्षा शनिवारी येणार आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अपेक्षाला फोन केला. येऊ नकोस, सासरीच राहा, असं सांगायचं होतं. दहा वेळा घोकून मग फोन लावला. तोंडातून निघालं, ये गं राणी, वाट बघतेय, दूध तापवून ठेवते. आवाज इतका मऊ की ती रडायलाच लागली. तुझी फार आठवण येते म्हणाली.

मेसेज लिहिला. येऊ नकोस. पाठवायच्या आधी अंगठ्यानं पुसला. माझ्याच अंगठ्यानं.

या वहीत मात्र हात माझा असतो. लिहीत असेपर्यंत.

१९ नोव्हेंबर, बुधवार

स्वतःवरून मीठमिरच्या उतरवल्या. गॅसवर लोखंडी तवा तापवून त्यात टाकल्या. मूठभर लाल मिरच्या जळून काळ्या झाल्या, घरभर धूर झाला, आणि साधा ठसका लागला नाही. मला नाही, बाईंनाही नाही.

बाई खुर्चीत बसून डाव्या हातानं केस विंचरत होत्या. कपाळ अगदी गुळगुळीत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बाईंचे पाय धरले. परत घ्या म्हटलं. लेक येतेय, तिच्या पोटात लेकरू आहे, तुमचं तुम्ही परत घ्या.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. उजवा. तो उचलतोय आता.

"ज्याला माया असते तोच घेऊ शकतो, करुणा," त्या म्हणाल्या. "मला तुझी कुठं माया आहे?"

वाईट बोलल्या नाहीत. खरं ते बोलल्या. मग मी विचारलं, शेवटच्या भागात त्या आईनं काय केलं होतं. म्हणाल्या, शूट झालं होतं ते. तुला कळेलच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पेटी भरली. पिशोरला निघून जायचं. दारापर्यंत गेले आणि परत येऊन दुसऱ्या खाटेवर चादर घातली. सुरकुती राहिली होती. सारखी केली. परत गेले. परत आले. सात वेळा —

मधुसूदनरावांना फोन लावला. आवाज गोड. सगळं छान आहे म्हणाले मी.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आली. जावई शिवराजराव तिला पोचवून गेले, थांबा म्हणता आलं नाही. पोट केवढं दिसतंय. हसतेय. आल्या आल्या माझ्या गळ्यात —

सकाळपासून लिहितेय. काहीही. चादर, खाट, उजेड, गुडघे. हात थांबला की तो चादरीकडं जातो. दूध गॅसवर आहे. मी ठेवलं का. मीच ठेवलं.

अपेक्षा समोर बसलीय. विचारतेय काय एवढं लिहितेस. वर बघत नाही मी. म्हणते, आई, किती वाळलीस गं. कपाळाला केवढ्या आठ्या. कुणाची नजर लागली तुला.

नको. नको अपेक्षा. लिहितेय, बोलता येत नाही — वाच, इकडं वाच —

वही नाही बघत. माझ्याच तोंडाकडं बघतेय. दोन्ही तळवे पुढं केलेत. लहानपणी मी तिची घ्यायचे, तशीच —

तोंड मागं घ्यायला हवं. एवढंच करायचंय. मान मागं. पण मी इतकी दमलेय, आणि तिचे हात इतके गार, इतके मऊ — कपाळ सुटतंय —

विचारतेय, सगळी घेऊ?

मी म्हणाले घे गं राणी, सग