दोन गाण्यांच्या मधली अकरा मिनिटं

तीर्थस्वरूप ओइवामामा,

इल्पोचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे, बटाटे किती निघाले, सौनाच्या छपराची गळती थांबली का, हे सगळं मनापासून विचारतोय. पण उत्तराची वाट बघण्याइतका धीर माझ्यात उरलेला नाही, तेव्हा सगळं क्षेम आहे असं धरूनच पुढे लिहितो. मी बरा नाही. शनिवारपासून धड जेवलेलो नाही (काल आईने तळलेले मुइक्कु मासे खाल्ले, पण ते जेमतेम सतरा होते), आणि एवढं लिहीपर्यंत तीनदा उठून लॅपटॉप चालू आहे ना ते बघून आलो. चालू आहे. घरी तो नेहमीच चालू असतो.

कारण असं की वेइक्को मला बँडमधून काढणार आहे. तोंडाने अजून बोललेला नाही, येत्या रविवारी सांगतो म्हणालाय, पण त्याचं तोंड बघितलं की कळतं. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा कीबोर्डची जागा माझ्याकडे आली, त्याला अठरा वर्षं झाली. गावात मला लोक इल्पो म्हणून कमी आणि ‘वेइक्कोचा कीबोर्डवाला’ म्हणून जास्त ओळखतात. ती जागा गेली तर शनिवारी संध्याकाळी मी हात कुठे ठेवू? या जगात वेइक्को ऐकतो ते फक्त तुमचं. म्हणून दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगायच्या आत सगळं तुमच्या कानावर घालतो.

तुमच्या काळी बरं होतं. ऑर्गन उचलायला चार माणसं लागायची हे खरं, पण तो बंद पडला की तुम्ही बुटाने एक ठेवून द्यायचात आणि तो बिचारा मुकाट्याने वाजायला लागायचा. लॅपटॉपला लाथ चालत नाही (मारून बघितली आहे, म्हणून सांगतो). त्याच्या पोटात सॉफ्टवेअरची वाद्यं असतात, त्यांना प्लगइन म्हणतात. मी कीबोर्डची पट्टी दाबायची आणि आवाज आतून यायचा: व्हायोलिनं, बास, तुमचा ऑर्गनसुद्धा. आपले अकॉर्डियनवाले आणि बासवाले थकून घरी बसले तेव्हा वेइक्कोने नवीन माणसं घेतलीच नाहीत. म्हणाला, इल्पोच्या डब्यात सगळे आहेत. म्हणजे आता तो गिटार घेऊन गाणार, मागे एक ड्रमवाला, आणि बाकी अख्खा बँड माझ्या डब्यात. डब्याला ताप आला की सगळेच आजारी.

पहिला ताप गेल्या वर्षी जूनमध्ये. भर वॉल्ट्झमध्ये लॅपटॉपने स्वतःला अद्ययावत करायला घेतलं. दुसरा यंदाच्या युहान्नसला, ऐन उन्हाळी सणाच्या नाचात: मला व्हायोलिनांचा मोह झाला, एकावर एक चार थर लावले, मशीनला ते झेपेना आणि आवाज तडतडायला लागला. वेइक्को गाता गाता माझ्याकडे वाकून म्हणाला, “वाजवतोयस की मासे तळतोयस?” आणि नंतर, “आणखी एकदा असं झालं तर बघ.”

मग मी पथ्य धरलं. लागतील तेवढेच आवाज ठेवले, बाकीचे काढून टाकले. पट्टी दाबल्यावर आवाज तयार करायला मशीनला केसभर जास्त वेळ दिला. वीज वाचवायची सोय बंद, आपोआप काहीही होण्याची सोय बंद, तारा टेबलाला चिकटपट्टीने जखडल्या, आणि तीन तासांचा अख्खा कार्यक्रम स्वयंपाकघरात दोनदा वाजवला (आईने दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या, दुसऱ्यांदा जरा कमी). शिवाय एका जाणकाराने लिहिलं होतं की कार्यक्रमाच्या लॅपटॉपची इंटरनेटशी कट्टी हवी. मी पाच आठवडे कट्टी घेतली. इतकं पथ्य बाबांच्या शेवटच्या आजारातही आम्ही पाळलं नव्हतं.

शनिवारी तळ्याकाठच्या नाचमंडपात गर्दी मावत नव्हती. पहिला टँगो असा झाला की वेइक्को माझ्याकडे बघून हसला, म्हणजे ओठ हलले. आता दुसरा. आपल्याकडची रीत तुम्हाला मी काय सांगणार, बाईला नाचायला नेलं की दोन गाणी, मग तिला जागेवर आणून सोडायचं. एका गाण्यावर सोडणं म्हणजे सगळ्या गावासमोर तिचा अपमान. मी पट्टी दाबली. आवाज नाही. पडद्यावर पाटी: आपण महिनाभर आमच्या संपर्कात नाही, इंटरनेट जोडा आणि हा अकॉर्डियन आपण विकत घेतल्याची खात्री पटवा. मामा, घेतलाय हो विकत! पण ज्याच्याशी कट्टी घेतली त्याच्याच दारात आता नाक घासत जायचं होतं, आणि मंडपात फोनला रेंज नाही.

लॅपटॉप काखेत मारून मी धावत सुटलो, थेट धक्क्याच्या टोकाला, तिथे रेंज येते. मागे साठ जोड्या मंडपात उभ्या. एकही हलेना, कारण एकच गाणं झालेलं! बासशिवाय टँगो वाजवण्यापेक्षा वेइक्कोला मरण बरं. तो माईकमध्ये “थांबू जरा” एवढं म्हणाला आणि तळ्याकडे बघत राहिला. लोक आधी आपापल्या बुटांकडे बघत होते म्हणे. मग हातात हात घेऊन बूट तरी किती बघणार? हवा निघाली, सरपणाचे भाव निघाले, कुणाच्या सुनेचं निघालं. असं अकरा मिनिटं.

आई अर्मासबरोबर उभी होती. तोच अर्मास, पूर्वी फेरीबोट चालवायचा तो. चार उन्हाळे दर शनिवारी तो तिच्याशी दोन गाणी नाचतो, “उकडतंय” म्हणतो आणि नेऊन सोडतो. या वेळी दुसरं गाणं झालं तरी सोडलं नाही. तिसरंही नाचला, चौथंही! बाकावरून एकीने हाक मारली, “हिल्क्का, जागा विकून टाकू का गं तुझी?” आई कानापर्यंत लाल.

कार्यक्रम संपल्यावर वेइक्को म्हणाला, “तुझा मामा एका लाथेत वाजवायचा. तुला अकरा मिनिटं?” मामा, त्याला चार ओळी लिहा. सांगा की आता निघण्याआधी घरीच इंटरनेट जोडून सगळ्या परवानग्या ताज्या करतो, आणि शेजारी एक साधा जुना कीबोर्ड मांडून ठेवतो, ज्याला कोणाची परवानगी लागत नाही. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
इल्पो

ता. क. आईने विचारलं, पत्रात माझं काही लिहिलंस का. नाही म्हणालो. तेव्हा मोठा भाऊ म्हणून अर्मासवरून तिला छेडू नका, निदान माझ्यावर आळ येणार नाही अशा बेताने छेडा.

आणखी ता. क. वेइक्कोला लिहूच नका. तुमच्या सहीने खोटं जायला नको. त्या अकॉर्डियनला परवानगी चौथ्या मिनिटालाच मिळाली होती. पाचव्या मिनिटाला मी मंचावर होतो, हेडफोनमध्ये सगळं स्वच्छ वाजत होतं. मान वर केली तर अर्मासच्या बोलण्यावर आई हसत होती, तोंडावर हात न घेता, मान मागे टाकून. बाबा गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग सहा मिनिटं मी एक चांगली तार काढत आणि घालत बसलो. वेइक्कोला मशीनच बिघडलं होतं असं सांगणार आहे. काढलं तर काढू दे. फक्त आईला हे कळू देऊ नका. तिने मला विचारलं की मशीन मुद्दाम बंद ठेवलं होतंस का, तर मला तिच्यासमोर खोटं बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.